अकरा तुकड्यांचं रुखवत

तुकडे शहाण्णव होते. आठ पुडकी, प्रत्येक पुडक्यात बारा, आणि प्रत्येक पुडक्याला आईच्या डब्यातून उचललेलं एकेक रबर. याशिवाय बुडासाठी एक गोल चकती, गोंदाची बाटली, नळाला पाइप आवळायचे चार पत्र्याचे पट्टे आणि एक साचा. आचलनं हे सगळं जेवणाआधी मोजलं, जेवणानंतर पुन्हा मोजलं, आकडा तोच आला आणि ती निर्धास्त झोपली. एकदा मोजलेली गोष्ट मोजल्याइतकीच राहते, असा तिचा समज होता. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या माणसाचे असे काही समज असतात.

साच्याविषयी आधी सांगायला हवं, कारण त्याला घरातल्या दोन माणसांनी कधी एका नावानं हाक मारली नाही. वडील, ओमप्रकाशराव, त्याला ‘गाडा’ म्हणत. आई, सुभद्राबाई, ‘तुझा तो पाट’ म्हणत. वस्तू साधी होती. दोन फुटांची प्लायवूडची पाटी, तिच्या पोटाखाली दोन पट्ट्या. त्या करवतीच्या टेबलातल्या खाचांत बसत आणि पाटी पुढे-मागे सरके. पाटीवर अर्ध्या मीटरची फळी, ठरलेल्या कोनात आवळलेली. फळीला लाकूड टेकवायचं, पाटी ढकलायची, की लाकडाचं टोक बरोबर पंधरा अंशांत कापलं जाई. दोन्ही टोकं पंधरा-पंधरा, म्हणजे तुकडा तीस अंशांचा. असे बारा तुकडे गोल मांडले की तीनशे साठ होतात आणि कडं मिटतं. आठ कडी एकावर एक चिकटवायची, खरादावर चढवायची आणि फिरवत फिरवत कातायची, की त्याचं भांडं होतं. निदान व्हायला हवं.

करवत ओमप्रकाशरावांची. अमरावतीच्या बाजारात त्यांचा भाजीचा ठोक धंदा. टमाट्याच्या पेट्या घरीच बनवायच्या म्हणून त्यांनी ती हौसेनं आणली आणि पहिली पेटी पूर्ण व्हायच्या आत सगळा बाजार प्लास्टिकच्या क्रेटवर गेला. तेव्हापासून तिच्यावर कपडे वाळत.

आणि हे सगळं कशासाठी, तर रुखवतासाठी. शेंदूरजनाघाटच्या संत्राबागायतदारांचं स्थळ. मुलगा नितेश, त्याला आचल आवडली होती आणि आचलला तो. म्हणजे मुख्य काम झालंच होतं. पण बैठकीत मुलाच्या आत्या, दुर्गाबाई, पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाल्या, “शिक्षण झालं, ते ठीक आहे. पोरगी हातानं काय बनवते?”

“विणकाम—” सुभद्राबाईंनी सुरुवात केली.

“विणकाम येत नाही मला,” आचल म्हणाली. ती खोटं बोलायचं नाही म्हणून बोलली, आणि लगेच पुढे म्हणाली, “लाकडाची भांडी बनवते.”

हे मात्र खोटं होतं. तिनं त्याचं गणित केलं होतं, भांडं केलं नव्हतं.

“लाकडाचं भांडं?” दुर्गाबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. “पाणी राह्यते काय त्यात?”

“राहील.”

“मंग मांडजो रुखवतात. आमच्या घरची रीत हाये, रुखवताचं भांडं पाणी भरून पाह्यतात. सकाळी भरलं तेवढं संध्याकाळी पाह्यजे. माह्या वक्ती पितळेची घागर होती, थेंब हालला नाही.”

दोन्ही घरची बावीस माणसं हे ऐकत होती. आता शब्द मागे घेणं म्हणजे लग्नानंतरची सगळी वर्षं प्रत्येक सणाला ‘आमच्या सूनबाईचं लाकडाचं भांडं’ ऐकणं. आचलनं ते चटकन ताडलं. नितेशनंही ताडलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात त्यानं एक पोतं पाठवलं. त्यात बगीच्यातल्या एका म्हाताऱ्या संत्र्याच्या झाडाच्या फांद्या होत्या, दोन वर्षं गोठ्यात वाळलेल्या, पिवळसर आणि दगडासारख्या कडक. ‘एवढंच उरलं, बाकीचं चुलीत गेलं,’ असा त्याचा निरोप होता. प्रेमपत्र म्हणून तो जरा कोरडा होता, पण लाकूडही कोरडंच हवं होतं.

साचा बनताना शेजारचे पुंजाजी रोज येऊन उभे राहत. जमिनीच्या मोजणीत त्यांनी उभी नोकरी काढली होती, आणि निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नव्हतं.

“कोन कोणी मोजला?” ते विचारत.

“मी मोजला, काका.”

“तू एकटीनं? एकतर्फी मोजणी ग्राह्य धरल्या जात नाही बेटा. दोन्ही पार्ट्या हजर पाह्यजे.”

“इथं दुसरी पार्टी कोण आहे?”

पुंजाजींनी याचा दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी खात्री करून देतो म्हणून आचलची पोलादी मोजपट्टी घरी नेली. ती परत आली नाही. सरकारी खात्रीला वेळ लागतो.

कोपऱ्यावरच्या घरातून असा सल्ला आला की, आजकाल आख्खं रुखवत भाड्यानं मिळतं, थर्माकोलच्या बैलगाडीसकट. उगाच बोटं कापून घेऊ नये. सुभद्राबाईंना तो पटला होता. पण त्या तोवर नातेवाइकांत ‘आचल संत्र्याच्या लाकडाची परात बनवून राहिली’ असं सांगून बसल्या होत्या.

खराद मात्र घरी नव्हता. तो होता अकोल्याला, मनोजमामाकडे. मामाच्या दुकानात बाजेचे पाय, लाटणी आणि पाळण्याचे गज कातले जात. तेव्हा लग्नाला आठवडा असताना, सकाळी, आठ पुडकी पिशवीत आणि साचा काखेत घेऊन आचल बसस्टँडवर गेली. तिथं काही कमी पडलं तर कापता यावं म्हणून साचा सोबत घेतला होता. सावध माणूस असंच करतो, आणि सावध माणसालाच मग कंडक्टरला उत्तरं द्यावी लागतात.

“हे काय हाये, ताई?”

“साचा आहे.”

“कशाचा?”

“भांड्याचा.”

“मंग भांडं कुठी हाये?”

“अजून व्हायचं आहे.”

कंडक्टरनं साच्याकडे, मग आचलकडे, मग पुन्हा साच्याकडे पाहिलं. “सामानाचं तिकीट फाडा लागते. पण कशाचं फाडू? मशीन म्हणसान तं नेता येत नाही. लाकूड म्हणसान तं परवाना दाखवा.”

“संत्र्याचं लाकूड आहे हो. बगीच्यातलं.”

“संत्रा फळात येते ताई, लाकडात नाही येत.”

प्रकरण खिडकीतल्या साहेबांकडे गेलं. साहेब चहा पीत होते. त्यांनी विचारलं, “हे करते काय?” आचलनं करून दाखवलं. पाटी फरशीवर ठेवून पुढे-मागे सरकवली. खालच्या पट्ट्यांनी ‘खर्र, खर्र’ असा आवाज केला. साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

“वाद्य हाये. लावा वाद्याचं.”

यावर आचलला पुष्कळ बोलता आलं असतं. पण गाडीचा हॉर्न वाजत होता, आणि विज्ञानाच्या इतिहासात याहून वाईट वर्गीकरणं झालेली आहेत, असं तिनं मनाशी म्हटलं. मूर्तिजापूरला शेजारी येऊन बसलेल्या म्हाताऱ्यानं तिकिटावरचा शब्द वाचला आणि तो हात जोडून म्हणाला, “भजनी मंडळ हाये काय? एखांदं होऊन जाऊ द्या.”

“अजून लावायचं आहे ते,” आचल म्हणाली.

म्हाताऱ्यानं समजुतीनं मान हलवली. वाद्यं अकोल्यालाच चांगली लागतात, असंही तो म्हणाला.

मनोजमामानं भाचीचं स्वागत भुशानं भरलेल्या हातांनीच केलं. चहा झाला, समोसे झाले, मग आचलनं पहिलं पुडकं सोडून तुकडे गोल मांडले. कडं मिटेना. एक तुकडा बसेल एवढी जागा उरली. तिनं मोजले. अकरा होते. दुसरं पुडकं सोडलं. अकरा. तिसरं, चौथं, शेवटचं. सगळ्यांत अकरा. तिनं पिशवी उलटी केली. पिशवीतून रुमाल पडला.

“अठ्ठ्याऐंशी,” ती म्हणाली.

“ऐंशीच्या वर हायेत म्हंजे लय झाले,” मामा म्हणाला.

आचलनं घरी फोन लावला.

“आई, पुडक्यांना हात लावला होतास?”

“लावला मंग. बारा-बारा ठेवले होते तू. लग्नाच्या घरून शुभ कामाले निघाली, अन् बाराव्याचे बारा-बारा घेऊन? मी अकरा-अकरा करून देल्ले.”

“आई, बाराच लागतात. तीनशे साठ भागिले—”

“एक वाढवणार होती मी, तं तेरा होते. लग्नघरात तेरवीचा आकडा कोण धरते? म्हणून काढला. रबरं पण मीच लावली परत, तुले समजू नाही म्हणून.”

“काढलेले आठ कुठे आहेत?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“बंबात घातले. तुह्या बाबाचं पाणी लय सुंदर तापलं. अन् वास काय येऊन राह्यला होता व, संत्र्यावानी!”

त्या झाडाचं लाकूड आता पृथ्वीवर एवढंच होतं, जेवढं मामाच्या बाकावर पडलं होतं. मामा कारागीर होता आणि कारागिराकडे प्रत्येक अडचणीवर एकच उपाय असतो. “गोंदात भुसा कालवू अन् भरून टाकू,” तो म्हणाला.

“तीस अंशांची फट आहे, मामा. भांड्याला दार होईल.”

“मंग राहू दे दार. कोणाच्या भांड्याले हाये?”

आचलनं बाहेरच्या पायरीवर बसून हिशेब केला. बाराच्या ऐवजी अकराच तुकड्यांचं कडं करायचं, तर प्रत्येक टोक पंधराऐवजी थोड्या जास्त अंशांत हवं. म्हणजे सगळे तुकडे दोन्ही बाजूंनी अगदी किंचित पुन्हा तासायचे. भांडं लहान होईल, पण मिटेल. एकशे ऐंशी भागिले अकरा. सोळा पूर्णांक छत्तीस, छत्तीस, छत्तीस, आणि पुढे जाल तिथवर छत्तीसच.

“छत्तीस?” मामानं कपाळाला हात लावला. “लग्नाच्या भांड्यात छत्तीसचा आकडा घालतं काय? नवरा-बायकोचं पटन काय मंग?”

फोन चालूच होता. त्यातून सुभद्राबाई ओरडल्या, “मन्या, तुले काय समजते! पत्रिकेत छत्तीस गुण जुळले म्हंजे सगळेच जुळले! करू दे तिले छत्तीस!”

अशा रीतीनं कोनाला दोन्ही बाजूंची मंजुरी मिळाली.

आता साचा बदलायचा होता. मामाच्या करवतीची खाच निघाली अरुंद. पोटाखालच्या पट्ट्या रंध्यानं तासल्या, एक जास्त तासली गेली, तिला पुठ्ठा चिकटवला, पुठ्ठा निघाला, मग मामानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला आणि तो टिकला. एवढ्यात दुपार झाली. सोळा पूर्णांक छत्तीस अंश कुठल्याच कोनमापकावर नसतात, पण त्याला तोड आहे. अर्ध्या मीटरच्या लांबीवर फळीचं टोक एकशे सेहेचाळीस पूर्णांक आठ मिलिमीटर सरकवलं, की तो कोन आपोआप येतो. आचलनं पट्टीसाठी पिशवीत हात घातला आणि तिला पुंजाजी आठवले.

मामाकडे टेप होता. त्याची मिलिमीटरची बाजू मामाच्या अंगठ्यानं पुसून पांढरी केली होती. इंचाची बाजू शाबूत होती, आणि मामा इंचाचे आठ भाग करून सुतात बोलायचा.

“शेहेचाळीस सूत आणि वर पाव सूत,” आचलनं हिशेब करून सांगितलं.

“शेहेचाळीस धर. पाव सुताले कोण इचारते? बाजेले चार पाय असतात, चारीत सूत-सूत फरक राह्यते, तरी माणूस झोपतेच.”

आचल दमली होती. समोसेही जड झाले होते. तिनं शेहेचाळीस धरले. या गोष्टीचं समर्थन तिनं पुढे कधी केलं नाही.

पहिल्या कड्याचे अकरा तुकडे तासून मांडले. दहा सांधे केसही जाणार नाही असे बसले, आणि अकराव्यात जवळजवळ सूतभर फट राहिली. पाव सुताची चूक. पण कड्यात टोकं बावीस, म्हणून ती बावीस वेळा मोजली गेली आणि सगळी मिळून शेवटच्या सांध्यात येऊन बसली.

“भुसा—” मामा म्हणाला.

“पाणी भरणार आहेत त्यात, मामा. दुर्गाबाई भरणार आहेत.”

मामानं हातातला भुसा खाली टाकला. दुर्गाबाईंना तोही बैठकीत भेटला होता.

फळीचं टोक पाव सूत पुढे ढकलायला पाव सूत जाडीचं काहीतरी हवं होतं. पत्रा जाड, कागद पातळ. दुकानभर पाहताना आचलची नजर कोनाड्यातल्या एका गठ्ठ्यावर गेली. तिच्याच लग्नाच्या पत्रिका, एकेरी जाड कागदावर छापलेल्या, अकोल्याच्या नातेवाइकांत वाटायला महिन्यापूर्वी मामाकडे दिलेल्या. तिनं गठ्ठा टेपनं मोजला. चार सूत. मग पत्रिका मोजल्या. पन्नास.

“मामा, दिल्या किती होत्या?”

“पन्नास,” मामा म्हणाला, आणि मग खरादाकडे वळून त्यानं बराच वेळ तेल घातलं.

चार भागिले पन्नास. एक पत्रिका शून्य पूर्णांक शून्य आठ सूत. तीन पत्रिका म्हणजे जवळजवळ बरोबर पाव. आचलनं तीन पत्रिका काढल्या, तसा मामा आडवा आला.

“वर गणपती छापला हाये. त्याले करवतीजवळ दाबून ठेवतं काय?”

हा मुद्दा गणितात नव्हता, पण तो बरोबर होता असं आचललाही वाटलं. मग कात्रीनं तिन्ही गणपती कापून घेतले, ते तेलाच्या डब्याशेजारी ओळीनं मांडले, आणि उरलेल्या पत्रिका घडी न घालता फळीमागे सरकवल्या. आवळलेल्या फळीतून ‘चि. सौ. कां. आचल’ एवढं बाहेर दिसत होतं. जठारपेठेतल्या तीन घरांना त्यामुळे तोंडीच आमंत्रण गेलं, आणि ती तिन्ही घरं अजून त्याविषयी बोलतात.

पहिलं कडं पुन्हा तासलं. ते इतरांपेक्षा लहान झालं, म्हणून त्याला बुडाला घ्यायचं ठरलं. मांडलं. मिटलं. आचलनं कडं उजेडासमोर धरलं, फिरवलं, अकराही सांध्यांतून पाहिलं. पलीकडचं काहीच दिसलं नाही. काही न दिसल्याचा इतका आनंद तिला कधी झाला नव्हता, पण तिनं फक्त “पुढचं घ्या” एवढंच म्हटलं.

संध्याकाळपर्यंत आठही कडी पत्र्याच्या पट्ट्यांत आवळून चिकटवली, आणि दुसऱ्या दिवशी ती एकावर एक चढून खरादावर फिरू लागली. कातायचं काम मामाचं. त्याचा हात खरोखर चांगला होता. इतका चांगला की तो मालकाला विचारत नसे. आचल पाणी प्यायला वळली तेवढ्यात त्यानं भांड्याच्या पोटावर दोन ठसठशीत गोफ आणि मध्ये एक मणी काढला.

“मामा, हा बाजेचा पाय झाला!”

“हात आपोआप जाते व. तीस वर्षं तेच केलं. पण छान दिसून राह्यलं.”

छान दिसत होतं, हे नाकारता येईना. शेवटी मामानं फिरत्या भांड्याला लाखेची कांडी टेकवली. घासून घासून लाख वितळली आणि आतून-बाहेरून नारिंगी चकाकी चढली. परतीच्या गाडीत तोच कंडक्टर होता. साचा मामाकडेच राहिला होता आणि मांडीवर फक्त भांडं होतं. ते पाहून तो म्हणाला, “वाद्य इकलं काय?”

सुभद्राबाईंनी भांडं हातात घेऊन फिरवून पाहिलं. त्यांनी परात सांगितली होती. मधल्या दोन दिवसांत फोनवरून तिचा कटोरा केला होता. आता हातात वाडगा होता. “घरची माणसं कमीच हायेत त्यांच्या,” त्या शेवटी म्हणाल्या.

लग्न अमरावतीला, ऐन मे महिन्यात. कार्यालयाचे पंखे गरम हवा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेत होते. रुखवताच्या टेबलावर भाड्याची थर्माकोलची बैलगाडी होती, क्रोशाचे रुमाल होते, शेवयांचा गणपती होता आणि मधोमध भांडं. दुर्गाबाई सकाळीच तांब्या घेऊन आल्या. त्यांनी भांडं उचललं, बुडाला टिचकी मारली, मामाच्या मण्यावरून बोट फिरवलं आणि पाणी काठापर्यंत भरलं.

आचलनं शालू सावरत मागून एक स्टीलची वाटी आणवली. तोंड भांड्याएवढंच रुंद, तिनं ती आदल्या दिवशीच निवडून ठेवली होती. ती काठोकाठ भरून तिनं भांड्याच्या शेजारी ठेवली.

“हे कशाले?” दुर्गाबाईंनी विचारलं.

“सोबतीला.”

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, नितेशनं पंगतीत उखाणा विसरून दुसऱ्याचा म्हटला. ऊन उतरलं तेव्हा दुर्गाबाई टेबलाशी परत आल्या. दोन्हीकडची माणसं मागे जमली. दुर्गाबाईंनी काठावर बोट ठेवलं. बोट कोरडं राहिलं.

“उतरलं न व पाणी,” त्या म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण ऐकायला सगळेच आले होते. सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. मनोजमामा बैलगाडी पाहू लागला. नितेश पुढे सरकला.

“शेजारची वाटी पण पाहा, आत्या,” आचल म्हणाली.

“वाटीचं काय पाह्यचं? वाटी स्टीलची हाये.”

“म्हणूनच. ती गळत नाही.”

गर्दीतून वाट काढत पुंजाजी पुढे आले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून आचलची पोलादी पट्टी वर डोकावत होती. “दोन्ही पार्ट्या हजर हायेत,” त्यांनी सगळ्यांकडे पाहून खात्री केली, चष्मा चढवला, आणि पट्टी आधी भांड्याच्या काठाशी धरली, मग पुसून वाटीच्या.

भांड्यात पाणी चार मिलिमीटर उतरलं होतं. वाटीत चार मिलिमीटर.